बासष्ट नंबरवरचा आवाज

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतोय. कुणाला विहिरीवर बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसलं... मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, "यांच्याकडे एकदा मीटर घेऊन जायला हवं." माझं कामच तसं आहे. मी दोहामध्ये डिश, अँटेना आणि बिल्डिंगमधल्या टीव्ही लाइनचा टेक्निशियन आहे. मूळ वसईचा, इथे येऊन चौदा वर्षं झाली. सिग्नल आहे की नाही हे मी मीटरवर बघतो. आहे तर आहे, नाही तर नाही. याच्या मधलं काही असतं, असं मला गेल्या सप्टेंबरपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

आता बायकोच म्हणाली, लिहून काढ, नाहीतर तुझं डोकं फुटेल. म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत.

आधी थोडं टेक्निकल सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिश यायच्या आधी टीव्ही हवेतून यायचा, गच्चीवरच्या त्या माशाच्या काट्यासारख्या अँटेनावर. इकडच्या जुन्या सेटवर वरच्या पट्ट्यातले नंबर एकवीसपासून एकोणसत्तरपर्यंत असायचे. अमेरिकेत तर एके काळी त्र्याऐंशीपर्यंत होते. पण नंबर जितका मोठा, तितका सिग्नल नाजूक... भिंतीला अडतो, लांब पोचत नाही. त्यामुळे मोठे नंबर सहसा कोणाला नको असायचे. तिथे छोटी रिले केंद्रं, टेस्टिंग, असलं काहीबाही चालायचं. मग मोबाइल आले आणि त्यांना हवेत जागा लागायला लागली. तेव्हा जगभर टीव्हीचे हे वरचे नंबर बंद करून ती जागा मोबाइलला दिली. अमेरिकेत सत्तरच्या वरचे सगळ्यात आधी गेले. आमच्याकडे साठच्या वरचे गेले. आता माझ्या मीटरवर त्या जागी सपाट माथ्याची रुंद टेकडी दिसते, तो मोबाइलचा सिग्नल. जुन्या टीव्हीचा सिग्नल अगदी वेगळा दिसायचा. दोन टोकदार सुळके. मोठा चित्राचा आणि शेजारी लहान आवाजाचा. आमच्याकडच्या नवीन मुलांनी तो कधी पाहिलेलासुद्धा नाही.

तर, नितीन मोकाशी म्हणून इथल्या मराठी मंडळींपैकी एकाचा फोन आला. अल सद्दमध्ये जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, सोबत आईवडील. म्हणाला, "बाबांच्या खोलीतला जुना डबा काढून नवीन टीव्ही लावायचाय. मी ऑफिसमध्ये असेन, आई आहे घरी."

मी चारच्या सुमाराला पोचलो. नितीनच्या आईने दार उघडलं. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, कॉटनची साडी, हातात ओला नॅपकिन. मी त्यांना काकू म्हणायला लागलो. आत खोलीत काका खुर्चीत बसले होते. पुढ्यात लाकडी कॅबिनेटचा टीव्ही, घुंडीवाला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. काका त्या मुंग्यांकडे असे बघत होते, जसं आपण दाराकडे बघतो, कोणी यायचं असलं की.

"यांना आता फारसं आठवत नाही," काकू हळूच म्हणाल्या. "मला ओळखत नाहीत. नितीनला कधी ओळखतात, कधी नाही. पण हा टीव्ही कुणी हलवू गेलं तर ओरडतात. तू हात लावून बघ."

मी प्लगला हात लावला. काका ओरडले नाहीत, रडायलाच लागले. लहान मूल रडतं तसे. मी हात काढला.

मग म्हटलं, आलोच आहे तर लाइन तरी बघू. भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावला. टीव्हीची घुंडी बासष्टवर होती, म्हणून मीटरही तिथेच नेला. माझी अपेक्षा टेकडीची.

दोन सुळके होते. एक मोठा, एक लहान.

मी मीटर बंद करून परत चालू केला. वायर काढून परत लावली. सुळके तिथेच. ताकदही भरपूर, जणू ट्रान्समीटर शेजारच्या गल्लीत आहे. तेवढ्यात पडद्यावरच्या मुंग्या शांत झाल्या. चित्र काही आलं नाही, पडदा नुसता राखाडी झाला. आणि आवाज आला.

"एक... दोन... तीन... ऐकू येतंय का? चार... पाच..."

बाईचा आवाज. तरुण. मराठी. मध्येच हसत होती, आपण एकटेच बडबडतोय याची लाज वाटून माणूस हसतो तशी.

"येतंय, येतंय," काका म्हणाले. डोळे पुसले, सावरून बसले. "बोल तू."

मी काकूंकडे पाहिलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हा माझा आवाज आहे."

दहा-बारा मिनिटांनी तो थांबला. मुंग्या परत आल्या. मीटरवर टेकडी. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला आणि सांगितलं ते असं...

काका तरुणपणी इथे आले ते ट्रान्समीटर बसवणाऱ्या एका परदेशी कंपनीत. लग्न झाल्यावर चार महिन्यांनी काकू मिरजेहून आल्या. बावीस वर्षांच्या. अरबी येत नाही, हिंदी यथातथा, शेजारपाजार नाही. दिवसभर खोलीत बसून रडायच्या. एक दिवस काका म्हणाले, चल, तुला माझं काम दाखवतो. वाळवंटात एक पत्र्याची केबिन आणि शेजारी लोखंडी मनोरा. बासष्ट नंबरवर एक रिले सुरू व्हायचा होता, त्याची टेस्ट चालली होती. काकांनी बायकोला माइकपुढे बसवलं, त्यांचा एक साथीदार बाहेर पहाऱ्याला ठेवला आणि स्वतः गाडी घेऊन घरी आले, टीव्हीवर आवाज येतोय का बघायला.

"चार वाजता," काकू म्हणाल्या. "मला सांगून गेले होते, चारला सुरू कर आणि मी परत येईपर्यंत थांबू नकोस."

"काय बोललात?"

"काय बोलणार? आधी आकडे. मग आकडे संपले म्हणून सगळंच बोलले. घरची आठवण येते, तुमचा राग येतो, तुम्ही मला इथे का आणलंत... यांच्याशिवाय ऐकणारं कोणी नव्हतंच ना! आणि हे काही उत्तर देऊ शकत नव्हते. मी तासभर एकटीच." त्या जरा हसल्या. "परत आले तेव्हा डोळे लाल होते यांचे. त्यानंतर मला कधी एकटं नाही सोडलं."

"काकू, त्याची टेप वगैरे..."

"कसली टेप रे? बोललं आणि गेलं."

तो रिले काही वर्षं चालून बंद झाला. मनोरा काढून नेला. काकांची कंपनीही गेली, पुढे ते दुसऱ्या नोकरीला लागले. पण टीव्ही तोच ठेवला. मे महिन्यात काकांनी एके दिवशी तो आपणहून लावला, तेव्हापासून रोज चारला हे चाललंय. नितीन संध्याकाळी सातला घरी येतो. तोवर नुसत्या मुंग्या असतात.

दुसऱ्या दिवशी कामावर मी आमच्या मल्याळी सीनियरला विचारलं. नाव न घेता, असंच. तो म्हणाला, "अरे, गर्मी में तो पहले ईरान, दुबई, कुवैत सब आता था. हवा का खेल है." हे खरं आहे. खाडीवर उन्हाळ्यात गरम हवेचा थर बसतो आणि त्याच्या खालून सिग्नल शेकडो किलोमीटर घसरत येतात. जुन्या लोकांनी असे कितीतरी परके चॅनेल पाहिलेत. मला जरा बरं वाटलं. पण दुबईहून असो की इराणहून... मराठीत? काकूंच्या आवाजात?

माझी बायको संगीता नर्स आहे. म्हातारी, विसरभोळी माणसं तिने पुष्कळ सांभाळलीत. ती म्हणाली, "पेशंटला भास होतात, मान्य. पण तुला कसे झाले?" पुढच्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर आम्ही दोघं मोकाशांकडे गेलो. नितीन बाहेर गेला होता. मी मीटर लावला आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून फोन टीव्हीपुढे ठेवला. (नंतर ऐकलं तर त्यात फक्त सूं असा आवाज आहे, आणि मधेमधे काका एकटे बोलताना.)

चारला मुंग्या शांत झाल्या. आकडे झाले. मग आवाजाने विचारलं, "आज जेवलात का?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. हे त्या दिवशी केबिनमध्ये बोललेलं नव्हतं.

"नाही," काका म्हणाले. "तू कधी येतेस?"

"येणार आहे. तुमच्याजवळ कोण बसलंय?"

काकू त्यांच्या अगदी शेजारी बसल्या होत्या. हातात वाटी, चमचा. काकांनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. परक्या बाईकडे सभ्य माणूस बघतो तसं. आणि टीव्हीकडे वळून म्हणाले, "एक बाई असतात इथे. स्वभावाने चांगल्या आहेत. पण आपल्यातल्या नाहीत."

काकूंनी वाटी खाली ठेवली. संगीता उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मी मीटरकडे बघत बसलो. दोन सुळके. स्थिर.

घरी येताना गाडीत संगीता फक्त एवढंच म्हणाली, "मी ऐकलं. देवाशपथ, मी ऐकलं." आमच्या फादरना आम्ही सांगून बघितलं. ते म्हणाले, त्या दोघांसाठी प्रार्थना करा. आम्ही केली. दुसरं करण्यासारखं काय होतं?

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. काकांनी जेवण सोडलं होतं. भरवायला गेलं की तोंड मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "माझी बायको येणार आहे, ती वाढेल." डॉक्टरांनी सांगितलं होतं, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

"जेरोम, तू ये," काकू म्हणाल्या. "आणि ती वायर तोडून टाक."

"काकू, नितीनला विचारलंत का?"

"त्याला काय सांगू? तो मलाच डॉक्टरकडे नेईल." मग म्हणाल्या, "बारा वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं तेव्हा यांनी मला भरवलंय. आता माझ्या हातचा एक घास नको यांना. मी काय करू सांग."

मी गेलो. पावणेचार वाजले होते. पहिल्या खेपेला वॉचमन नव्हता म्हणून गच्चीवर जाता आलं नव्हतं, त्यामुळे अँटेना मी पाहिलेलीच नव्हती. या वेळी आधी किल्ली मागून घेतली. काकांच्या खोलीत डोकावलो. काका खुर्चीत, गालफडं बसलेली. मी तिथे असतानाच आवाज सुरू झाला, वेळेच्या पाच-सात मिनिटं आधी. "एक... दोन..." काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि दाराकडे बोट केलं. मी निघालो.

लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, पुढे जिना. गच्चीचं कुलूप गंजलं होतं, उघडायला वेळ लागला. बाहेर आग ओतल्यासारखं ऊन. पाण्याच्या टाक्या, डिशची रांग आणि पार कोपऱ्यात पाइपाला बांधलेली ती जुनी अँटेना. निम्मे काटे पडलेले. मी कटर काढला आणि वायर हातात घेतली.

वायर तुटलेलीच होती.

आज-कालची नाही. अँटेनापासून वीतभर अंतरावर तुटून खाली लोंबत होती. वरचं प्लास्टिक उन्हाने भाजून चुरा झालेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं. असा हिरवा थर चढायला वर्षं लागतात. तुटक्या वायरीत मोबाइलचा जवळचा सिग्नल थोडाफार घुसतो, ते मला माहीत आहे. पण ते दोन सुळके, तेवढ्या ताकदीचे... यातून नाही. शक्यच नाही.

कटर मी न वापरताच खिशात ठेवला.

खाली आलो. काकू दारातच उभ्या होत्या. "तोडलीस?"

काय सांगायला हवं होतं मला? माझी मान आपोआप हलली. हो.

"कळलं," त्या म्हणाल्या. "तू बाहेर पडलास आणि दोन मिनिटांत बंद पडलं. 'सहा' म्हणाली आणि थांबली."

दोन मिनिटांत तर मी लिफ्टपाशी होतो. अजून गच्चीचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं.

आत मुंग्या सुरू होत्या. काका खुर्चीतून पुढे वाकले होते, तोंड पडद्याच्या अगदी जवळ.

"ऐकू येतंय का?" ते विचारत होते. "अगं, ऐकू येतंय का?"

काकू जाऊन त्यांच्या पायाशी खाली बसल्या. "येतंय हो. मला येतंय. बोला ना."

काकांनी मान वळवली नाही. ते पडद्यालाच विचारत राहिले. प्रत्येक वेळी काकूंनी उत्तर दिलं. मी भिंतीशी मीटर लावला. पुसट टेकडी, बाकी काही नाही. मी नॉब सबंध पट्ट्यावर फिरवला, एकवीसपासून एकोणसत्तरपर्यंत आणि परत. मला तो आवाज परत आणायचा होता, हे कबूल करतो. जो बंद करायला मी आलो होतो तोच. कारण काकांचा चेहरा बघवत नव्हता. पण माझ्या हातात काही नव्हतं. तो मी बंद केला नव्हता, चालू कसा करणार होतो?

त्या संध्याकाळी काकूंचा मेसेज आला, "चार घास खाल्ले." दुसऱ्या दिवशी थोडा वरणभात. नळी टळली. वजन थोडं वाढलंसुद्धा. काकूंच्या हातून खायचे, त्यांनी फिरवलं तर फिरायचे. पण बोलणं गेलं. पूर्ण गेलं. संगीता म्हणते, हा आजार असाच पुढे सरकतो, ते तेव्हा होणारच असेल. असेलही. ती नर्स आहे, तिला कळतं. पण तिनेही तो आवाज ऐकलाय आणि त्याबद्दल विचारलं की ती उठून कामाला लागते.

जानेवारीत नितीनने दोघांना मिरजेला नेलं, तिथे काकूंची बहीण आहे. टीव्ही मी माझ्याकडे आणला. कुणी फेकून देऊ नये म्हणून. अल अझीझियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये चांगली नवी अँटेना लावून बासष्टवर ठेवून पाहिला, कितीदा तरी. आमची मुलगी विचारते, "डॅडा, व्हाय आर यू वॉचिंग नथिंग?" तिला काय सांगू... मीटर दुसरा आणून पाहिला, कंपनीचा नवा. जे कळायला हवं ते काहीच कळलं नाही. ज्या नंबरवर आता टीव्हीच नाही, त्यावर तुटक्या वायरीतून, कधी टेप न झालेला आवाज कसा येतो, आणि तो आज जेवलात का म्हणून कसा विचारतो?

काका मार्चमध्ये गेले. झोपेतच.

काकूंचा अधूनमधून फोन येतो. संगीताची, मुलीची चौकशी करतात, तिकडच्या पाण्याबद्दल तक्रार करतात. गेल्या आठवड्यात बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "जेरोम, एक विचारू? मी तुला वायर तोडायला लावली. टीव्हीतली ती मुलगी बोलत होती बिचारी, बोलता बोलता तोंडावर हात ठेवल्यासारखं झालं. ती रागावून तर गेली नसेल ना रे?"

आता सांगून टाकावं, असं तोंडापर्यंत आलं होतं. काकू, मी काही तोडलं नाही. वायर केव्हाचीच तुटलेली होती. पण मग पुढचा प्रश्न त्या विचारणारच. कुणीच तोडलं नाही, तर ती थांबली का? तुम्ही माझ्याकडे बघून दाराकडे बोट केलंत, ते तिने पाहिलं म्हणून? हे काकूंना मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि नाही सांगितलं, तर आपण तोडायला लावली, हे मनात घेऊन त्या रोज झोपणार.

"जेरोम? अरे, आहेस ना?"

मी म्हणालो, "काकू, इथे नेटवर्क नीट येत नाहीये, नंतर करतो."

नेटवर्क चांगलं होतं. फोन मीच कापला. आठ दिवस झाले, अजून परत केलेला नाही.